वर्गात खटला चालवायचा तर

शिक्षक मित्रहो, न्यायव्यवस्थेचा धडा आठवीच्या नागरिकशास्त्रात होऊन जातो. न्यायालयांची उतरंड मुलांना पाठ असते. पण साक्षीदाराला काय विचारता येतं आणि काय नाही, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणून नववी-दहावीला वर्षातून एक जोडतास अभिरूप न्यायालयासाठी, म्हणजे वर्गातल्या लुटुपुटीच्या खटल्यासाठी काढावा. मात्र त्याचं नाटक होऊ देऊ नका. मुलांच्या हाती संवाद दिले की नाटक होतं, प्रकरणाचे कागद दिले की खटला.

प्रकरण साधं घ्या. सायकलची चोरी उत्तम. घटनेची तारीख १ जुलै २०२४ नंतरची ठेवा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागू होईल. जुन्या मार्गदर्शिकांमधलं आधीच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७९ तसंच उतरवू नका. आरोपीचं वय १९ लिहा. बहुतेक जण हौसेने आरोपी दहावीतलाच मुलगा करतात आणि तिथेच खटला कोसळतो, कारण १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. सायकलची किंमत ७,५०० रुपये धरा. किंमत ५,००० च्या आत असेल, आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची होते. बचावाच्या वकिलाला हे कलम वाचायला सांगा. 'जुन्या सायकलचे ७,५०० कसे?' हा प्रश्न तो स्वतःच काढेल, आणि त्या प्रश्नावर निम्मा वर्ग जागा होईल.

कागद तीनच असावेत, प्रत्येकी एक पान: फिर्याद, जप्तीचा पंचनामा आणि साक्षीदारांचे पोलिसांनी नोंदवलेले जबाब. जबाबाखाली साक्षीदाराची सही घेऊ नका. कायद्यानेच ती घेत नाहीत. हा जबाब म्हणजे पुरावा नव्हे. साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला तर ती विसंगती दाखवण्यासाठी तो वापरतात. कागदांत दोन फटी मुद्दाम ठेवा. समजा, रखवालदार जबाबात म्हणतो की संध्याकाळी साडेसातला त्याने आरोपीला पाहिलं, आणि सायकलस्टँडवरचा दिवा बंद असल्याचं फिर्यादीत लिहिलंय. फटी दोनच, चार ठेवल्या तर सगळे आरोपीला सोडून मोकळे होतात.

साक्षीदार तीन: सायकलमालक, रखवालदार, पंच. न्यायदंडाधिकारी खऱ्या कोर्टात एकच असतो. वर्गात तिघांना बसवलंत तरी हरकत नाही, पण तसं मुलांना सांगा. उरलेल्या मुलांना रिकामं बसवू नका. प्रत्येकाला कोरा कागद द्या, त्यावर दोन रकाने: साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं, आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं.

सत्तर मिनिटांचा हिशेब असा. सुरुवातीला पाच मिनिटं. वीस हजारांपर्यंतच्या चोरीचा खटला संक्षिप्त पद्धतीने चालतो, त्यामुळे आरोप थोडक्यात सांगून 'गुन्हा कबूल आहे का' एवढंच विचारायचं. प्रत्येक साक्षीदाराला सरतपासाची (त्याला बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न) चार आणि उलटतपासाची (विरुद्ध बाजूचे प्रश्न) पाच मिनिटं, म्हणजे सत्तावीस. आरोपीच्या जबाबाला पाच. तो शपथेवर नसतो. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादाला मिळून आठ, निकाल लिहायला आठ. उरलेली सतरा मिनिटं चर्चेची. ती कुणालाही खाऊ देऊ नका. वेळ चुकतो तो नेहमी उलटतपासातच.

सिनेमातलं कोर्ट आधीच बाहेर काढावं लागतं. हातोडा नाही. ज्यूरी नाही. गीतेवर हात ठेवायचा नाही. देवाला स्मरून किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करून सांगायचं, बस्स.

खरी मेहनत लागते ती प्रश्नांवर. सरतपासात सरकारी वकिलाला सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारता येत नाहीत. 'तुम्ही आरोपीला कुलूप तोडताना पाहिलंत ना?' हा प्रश्न बाद. 'तुम्ही काय पाहिलंत?' हा चालतो. उलटतपासात मात्र सूचक प्रश्नांनाच धार असते: 'दिवा बंद होता, बरोबर? तुम्ही वीस पावलांवर होतात, बरोबर?' नवखा वकील इथे एक प्रश्न जास्त विचारतो: 'मग तुम्ही ओळखलंत कसं?' साक्षीदार शांतपणे सांगतो, 'तो रोज माझ्यासमोरूनच जातो.' संपली केस! आदल्या दिवशी दोन्ही बाजूंकडून प्रश्न लिहून घ्या आणि उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नावर काट मारा.

दुसरी हमखास चूक म्हणजे 'आरोपीने पोलिसांसमोर कबुली दिली' हे वाक्य. पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. पण कोठडीतल्या आरोपीने सांगितलं म्हणून सायकल सापडली असेल, तर त्या सांगण्यातला सायकलीपर्यंत नेणारा तेवढाच भाग पुराव्यात येतो. पंचाची साक्ष त्यासाठीच ठेवली आहे. सरकारी वकिलाने हे वाक्य उच्चारलं आणि बचावाने हरकत घेतली नाही, तर तुम्ही मध्ये पडू नका, चर्चेत विचारा.

निकाल दहा ओळींचा, पण कारणांसह हवा: कोणता मुद्दा सिद्ध झाला, कोणता नाही, कुणाच्या साक्षीवरून. सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर आहे, आरोपीवर नाही, हे न्यायाधीश झालेल्या मुलांना फळ्यावर लिहून द्या. गुण द्यायचे असतील तर खटला कोण जिंकलं यावर देऊ नका. त्या दोन रकान्यांचे कागद गोळा करा आणि ऐकीव गोष्ट पाहिलेल्याच्या रकान्यात किती जणांनी लिहिली ते तपासा.