आधी जमिनीवर, मग उंचीवर

श्रोतेहो, नमस्कार.

घरात एखादं चपळ, उत्साही पिल्लू आलं आणि कुणी ॲजिलिटीची स्पर्धा पाहिलेली असली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘याला उड्या मारायला कधी शिकवायचं?’ हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो, म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैदानात वीसएक अडथळे मांडलेले असतात: आडव्या दांड्यांवरच्या उड्या, बोगदे, टायर, सी-सॉ, उंच अरुंद फळीचा पूल, दोन्ही बाजूंनी उताराचं ए-फ्रेम आणि ओळीनं रोवलेले खांब. क्रम परीक्षक ठरवतो आणि तो दर वेळी नवा असतो. माणसाला आधी काही मिनिटं रिंगमध्ये फिरून तो पाठ करता येतो. कुत्र्याला मात्र त्यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला वाट कळते ती माणसाच्या आवाजातून, खांद्यांतून आणि पावलांतून. 1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात, दोन कार्यक्रमांमधल्या रिकाम्या वेळात प्रेक्षकांचं मन रमवायला म्हणून हे सुरू झालं. कल्पना घोड्यांच्या अडथळा-उड्यांवरून घेतलेली. दोनच वर्षांनी तिथल्या केनेल क्लब या श्वानसंस्थेनं त्याला खेळ म्हणून मान्यता दिली आणि 1996पासून एफसीआय ही आंतरराष्ट्रीय श्वानसंस्था त्याची जागतिक स्पर्धा भरवते आहे.

आता उड्यांचं. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो. हाड वाढतं ते तिथूनच. वाढ पुरी झाली की तो थर हाडात रूपांतरित होतो. लहान चणीच्या कुत्र्यांत हे साधारण वर्षाच्या आत आटोपतं, मोठ्या कुत्र्यांत सव्वा-दीड वर्षही लागतं. तोवर तो थर हाडापेक्षा नाजूक असतो. उंचावरून पुनःपुन्हा पुढच्या पायांवर उतरणं, वेगात गर्रकन वळणं, यांचा भार तिथं येतो आणि तिथं झालेली इजा जन्मभर लंगडवू शकते. म्हणूनच एफसीआयच्या स्पर्धेत अठरा महिन्यांखालचा कुत्रा उतरवता येत नाही. अमेरिकन केनेल क्लब पंधरा महिने मानतो. ही वयं स्पर्धेत उतरण्याची आहेत, त्याआधीचा काळ पूर्ण उंचीवर सराव करून घेण्यासाठी नाही. दांडी जमिनीवर ठेवा, नाहीतर फार तर पिल्लाच्या घोट्याइतकी. उंची केव्हा वाढवायची, हे तुमच्या पशुवैद्यांना तपासू द्या.

मग वर्षभर करायचं काय? भरपूर! आणि माझं ठाम मत आहे, की चांगला खेळाडू कुत्रा याच वर्षात घडतो.

सगळ्यात आधी खेळ. तुमच्याशी दोरी ओढायला, तुमच्या मागे धावायला पिल्लाला मनापासून आवडलं पाहिजे. हाक मारली की बाकी सगळं टाकून ते तुमच्याकडे वळलं पाहिजे, आणि तेही आनंदानं. ज्याला आपल्या माणसाबरोबर खेळण्यात गोडी नाही, त्याला अडथळ्यांत गोडी कुठून येणार?

दुसरं, मागचे पाय. बहुतेक पिल्लांना आपल्याला मागचे पाय आहेत याची फारशी जाणीवच नसते. पुढचे पाय जिथं जातात, तिथं मागचे आपोआप ओढले जातात. सुमारे सव्वा मीटर उंचीच्या, फूटभर रुंदीच्या फळीवरून धावायचं, तर हे चालायचं नाही. जमिनीवर एक शिडी आडवी टाका आणि खाऊ नाकाशी धरून पिल्लाला तिच्यातून अगदी सावकाश चालवा. पहिल्या दिवशी मागचे पाय पायऱ्यांना आपटतात. काही दिवसांत ते पाऊल उचलून नेमकं मोकळ्या जागेत ठेवायला लागतं. मग मागे मागे चालत जाऊन मागचे दोन पाय एका बुटक्या पाटावर ठेवायला शिकवा. हेच पुढं कामी येतं. पूल आणि ए-फ्रेमच्या टोकाशी रंगवलेला पट्टा असतो, उतरताना कुत्र्याचं एक तरी पाऊल त्यावर पडावंच लागतं. म्हणून बरेच जण ‘मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर’ अशी थांबण्याची सवय लावतात. घरातल्या पाटावर ती पक्की झालेली असली, की मोठ्या फळीवर फक्त जागा बदलते.

सी-सॉबद्दल जरा जास्त बोलते, कारण तरुण कुत्रे सगळ्यात जास्त तिथंच बिचकतात. पायाखालची जमीन एकाएकी खाली जाते आणि शिवाय धाडकन आवाज होतो. त्यामुळं आवाज आणि हालचाल वेगवेगळी शिकवायची. फळीच्या टोकाखाली उशा रचा, म्हणजे ती चार बोटंच खाली येईल. पिल्लानं स्वतःहून पंजा ठेवला, फळी जराशी दबली, की लगेच खाऊ. हळूहळू ते पंजानं फळी मुद्दाम आपटायला लागतं, कारण आवाज झाला की खाऊ मिळतो हे त्याला उमगलेलं असतं. मग एकेक उशी काढत जा. ते कचरलं, कान मागे गेले, की मुकाट्यानं उशी परत ठेवा. फळीवर ओढून, ढकलून कधीही चढवू नका. एकदा बसलेली धास्ती काढायला कितीतरी महिने जातात.

खांबांची ओळ सगळ्यात उशिरा घ्या. त्यांच्यामधून नागमोडी धावताना पाठीचा कणा डावी-उजवीकडे सतत वळतो, म्हणून तेही वाढ पुरी झाल्यावरच. बारा खांब, एकमेकांपासून साठ सेंटिमीटरवर, आणि शिरताना पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यायलाच हवा. सुरुवात दोनच खांबांनी करा. समोरून, बाजूनं, तिरकं, कुठूनही सोडलं तरी त्यानं योग्य फटीतूनच शिरावं, इतकं ते पक्कं झालं, की बाकीचे खांब जोडणं सोपं जातं.

आणि माणसाचा सराव? तो बहुतेक जण विसरतात. कुत्रा तुमच्या खांद्याची दिशा वाचतो. तोंडानं ‘बोगदा’ म्हणालात आणि खांदे उडीकडे असले, तर तो उडीकडे जाईल, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. कुत्र्याला घरी ठेवून, मोकळ्या मैदानावर एकट्यानं वळणं घोटा. त्याच्यासमोरून वळणं, त्याच्या मागून बाजू बदलणं पायांत बसू द्या. गोंधळलेल्या माणसामागे धावणारा कुत्रा आधी भुंकतो, मग मंदावतो, मग जमीन हुंगायला लागतो. ते हुंगणं पाहून कुणी ‘हट्टी आहे’ म्हणालं, की मला वाईट वाटतं. तो हट्ट नसतो, त्याला काय करावं हे कळत नसतं.

पहिल्या स्पर्धेआधी एखाद-दोन स्पर्धांना नुसतं प्रेक्षक म्हणून न्या. लाउडस्पीकर, अनोळखी कुत्री, तंबू, टाळ्या, हे सगळं त्याला दुरून पाहू द्या. त्या गर्दीत ते खाऊ खातंय का, तुमच्याशी खेळतंय का? नसेल, तर अजून वेळ आहे. काही देशांत आधी सांगून, गुणांवर पाणी सोडून, रिंगमध्ये खेळणं नेता येतं. तुमच्याकडे ती सोय असेल तर पहिल्या खेपेला तीच घ्या.

स्पर्धेच्या दिवशी आधी दहा मिनिटं चालवून अंग मोकळं करा. नखं कापलेली आहेत ना, तळवे ठीक आहेत ना, पाहा. दांडी पडली तर पाच दोष, म्हणजे दंडाचे गुण, अडथळा टाळला तर पाच दोष, क्रम चुकला तर बाद. बाद झालात तरी चेहरा पाडू नका. क्रम तुम्हाला माहीत होता, त्याला नव्हता. जवळचा एखादा सोपा अडथळा, बोगदा असेल तर उत्तमच, परीक्षकांच्या परवानगीनं करवून शाबासकी देत बाहेर या आणि ठेवलेला खाऊ तिथंच, लगेच द्या. दुसऱ्या दिवशी सराव नको, सावकाश फिरायला न्या. चालताना पाय उचलून धरतंय का, पायरी चढायला कचरतंय का, तेवढं बघा. तसं दिसलं तर पुढच्या स्पर्धेतलं नाव आधी काढून घ्या आणि मग पशुवैद्यांना फोन करा.

नमस्कार.