कंट्रोलरसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा हवा का?

(नाशिकमध्ये वायरमन, वीज ठेकेदार आणि मशीन-कॉम्प्युटर बसवणारे तंत्रज्ञ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सातपूर-अंबडच्या कारखानदारी भागात एखाद्या शेडमध्ये नवीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन उतरलं, की बसवायला आलेला इंजिनिअर हमखास सांगतो, "कंट्रोलरला, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरला, वेगळं अर्थिंग द्या, एक ओहमच्या आत." मग शेडमागे खड्डा होतो, मीठ-कोळसा पडतो, हिरवी वायर खिडकीतून आत येते आणि फक्त त्या मशीनला लागते. कारखान्याच्या बाकी अर्थिंगला ती कुठेही चिकटू द्यायची नाही, अशी ताकीदही असते. आज मला या एका वायरबद्दलच बोलायचंय.

समजा, कारखान्याचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या न्यूट्रलचा खड्डा १ ओहम, आपला नवा खड्डा ३ ओहम. मशीनमध्ये फेज बॉडीला लागला तर करंटला परत जायला वाट एकच, माती. २३० भागिले ४, म्हणजे जेमतेम ५७ अँपिअर. ३२ अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी (जास्त करंटला आपोआप बंद पडणारा स्विच) झटक्यात पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. ५७ वर ती गरम होत बसते. तेवढा वेळ मशीनच्या बॉडीवर ५७ गुणिले ३, म्हणजे १७१ व्होल्ट उभे! तीच बॉडी तांब्याच्या वायरने मेन अर्थ बारला (मेन बोर्डातली, सगळ्या अर्थ वायरी जिथे एकत्र येतात ती पट्टी) आणि बार ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला जोडलेला असता, तर शेकडो अँपिअर वाहिले असते आणि एमसीबी तिथल्या तिथे पडली असती. फॉल्टचा करंट मातीतून नेण्याच्या भरवशावर बसायचं नसतं. त्याला धातूचीच वाट लागते.

"पण आम्हाला नॉइज, म्हणजे सिग्नलमध्ये घुसणारा विजेचा गोंगाट, नको म्हणून वेगळं," असं उत्तर येतं. ठीक, नॉइजचा हिशेब करू. सरळ वायरचं इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा अडथळा ज्यावर ठरतो ते) मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री धरा. खड्ड्यापर्यंत १५ मीटर वायर गेली तर १५ मायक्रोहेन्री. ड्राइव्हमधून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या युनिटमधून) येणाऱ्या १ मेगाहर्ट्झच्या नॉइजला ही वायर ९४ ओहमची दिसते. खड्डा अर्ध्या ओहमचा असो की पाचचा, त्या नॉइजला तो दिसतच नाही. कंट्रोलर, ड्राइव्ह, सेन्सर, कॉम्प्युटर ही मंडळी एकमेकांच्या तुलनेत एकाच पातळीवर असली म्हणजे झालं. ती पातळी नाशिकच्या मातीच्या तुलनेत किती, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. विमानात अर्थिंगचा खड्डा कुठे असतो?

मग करायचं काय? कंट्रोलरसाठी स्वतंत्र, इन्सुलेटेड हिरवी-पिवळी वायर जरूर टाका. वाटेत सॉकेटच्या पत्र्याच्या डब्याला, कंड्युटला तिला लावू नका. पण ती फेज-न्यूट्रलसोबत एकाच कंड्युटमधून न्या आणि शेवटी मेन अर्थ बारलाच बांधा. खिडकीतून वेगळी नेली की मधे मोठा लूप तयार होतो आणि तो अँटेनाचं काम करतो. नवा खड्डा खणलाच असेल तर बुजवायची गरज नाही; २५ बाय ३ मिलिमीटरच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्टीने तो जुन्या खड्ड्यांना जोडून टाका.

एक ओहमचा हट्ट इथल्या जमिनीत किती महाग पडतो तेही पाहा. ४० मिलिमीटरचा, ३ मीटरचा पाइप घेतला तर त्याचा रेझिस्टन्स मातीच्या रेझिस्टिव्हिटीच्या (माती करंटला किती अडवते त्या मापाच्या) सुमारे ०.३ पट येतो. ओली काळी माती १० ओहम-मीटर धरली तर ३ ओहम; मुरूम-खडक २०० धरला तर ६०. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपपासून सुटते. त्यामुळे रीडिंग पावसाळ्यात नको, मे महिन्यात घ्या. मीठ भरपूर घातलं की आकडा लगेच खाली येतो हे खरं, पण तेच मीठ जीआय पाइप खातं.

वेगळ्या खड्ड्याची खरी किंमत वळवाच्या पावसात कळते. द्राक्षबागेच्या टोकाला खांबावर कॅमेरा, खांबाला स्वतःचा खड्डा. घरी रेकॉर्डर, त्याला घरचा खड्डा. मधे तांब्याची लॅन केबल. जवळपास वीज पडून खांबाच्या १० ओहमच्या खड्ड्यात नुसते १ किलोअँपिअर शिरले, तरी खांबाचं टोक १० हजार व्होल्टवर जातं. घरचं टोक जागेवरच. मधली केबल हा फरक पोर्टवर नेऊन आदळते. इथे दोन खड्डे जोडायला अंतर फार, म्हणून केबलच फायबरची घ्या, आणि मधे धातूची तार असलेली फायबर घेऊ नका. खांबाला वीज घरून जात असेल तर त्या लाइनला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अर्थकडे वळवणारं उपकरण) लावा. प्रोटेक्टरच्या वायरी, जाणारी-येणारी मिळून, अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. बोर्डात नीटनेटकी दिसावी म्हणून तीच वायर गुंडाळी करून ठेवलेली पुष्कळदा दिसते. तेवढ्याने प्रोटेक्टर निम्मा निकामी होतो.

आता न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज. सर्व्हर बसवणारे म्हणतात, दोन व्होल्टच्या आत आणा. काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थला जंपर मारतात. मीटर शून्य दाखवतो आणि बिल पास होतं. पण आता लोडचा करंट अर्थ वायरमधून, कॅबिनेटच्या पत्र्यांतून, नेटवर्क केबलच्या शील्डमधूनही वाहतो आणि मागे न्यूट्रल तुटला आणि अर्थही सैल किंवा मातीच्याच भरवशावर असेल, तर कॅबिनेटवर फेज येऊ शकतो. व्होल्टेज खरंच कमी करायचं तर न्यूट्रल जाड टाका. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचे तिसरे हार्मोनिक (५० च्या तिप्पट, म्हणजे १५० हर्ट्झचे करंट) तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये बेरीज होतात. तरी भागलं नाही तर सर्व्हरजवळ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून त्याच्या सेकंडरीचा न्यूट्रल तिथेच अर्थला बांधा. मुख्य ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलखेरीज न्यूट्रल-अर्थ जोडायची तेवढी ती रीतसर जागा.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. लोड चालू ठेवून न्यूट्रल-अर्थ मोजा. एक-दोन व्होल्ट आले तर ठीक. भर लोडवर अगदी शून्य असेल तर जवळपास कुणीतरी जंपर मारलाय, शोधा. २३० आले तर फेज-न्यूट्रल उलटे आहेत. चाळीस-साठ असं काहीतरी तरंगतं रीडिंग आलं तर बहुधा अर्थ तुटलाय. खात्रीसाठी फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब लावा, पण त्याआधी उपकरणांच्या पिना काढा आणि कुणाचा हात बॉडीला नाही हे बघा. नीट पेटला तर निदान वायर तुटलेली नाही. मिणमिणला तर कुठेतरी जॉइंट सैल आहे, नाहीतर वाट मातीतून आहे आणि तीही फारच खराब. सर्किटवर आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की बंद पडणारा स्विच) असेल तर ती लगेच पडेल, आणि तिने पडायलाच हवं.