आकड्याआधी वारा
(गुढीपाडव्यानिमित्त डुलूथ, मिनेसोटा इथे जमलेल्या मराठी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पाडव्याला हवामानावर बोला असं सांगितलं गेलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. त्याला कारण आहे. दरवर्षी मार्च संपत आला की इथे नव्याने आलेल्या घरांतून मला एकच फोन येतो, "ताई, फोनवर साठ दाखवतंय, पोरांना जाड जॅकेट घालू की नको?" साठ फॅरनहाइट म्हणजे आपले साधारण सोळा अंश सेल्सिअस. पुण्याच्या डिसेंबरातली सकाळ. मग जॅकेट कशाला, असं वाटणं साहजिक आहे.

माझं उत्तर ठरलेलं असतं. आकडा नंतर बघा, आधी वारा कुठून येणार आहे ते बघा. पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा असेल तर आकड्यावर खुशाल भरवसा ठेवा. पूर्वेचा, ईशान्येचा असेल, किंवा 'दुपारनंतर वारा पूर्वेकडून' असं लिहिलेलं असेल, तर तो आकडा टेकडीवरच्या विमानतळाचा आहे, तुमच्या घराचा नाही. आज मला खरं तर एवढंच सांगायचं आहे. पण ते असं का होतं, हे कळलं की मनात पक्कं बसतं, म्हणून बाकीचं बोलते.

आधी गावाची ठेवण डोळ्यांसमोर आणा. सुपीरियर सरोवराचं पश्चिमेचं टोक निमुळतं होत होत येतं आणि त्या टोकाला आपलं डुलूथ. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १८३ मीटरवर. तिथून गाव सरळ चढ चढतं आणि विमानतळ जवळजवळ अडीचशे मीटर वर, टेकडीच्या माथ्यामागे. शहराचं अधिकृत तापमान नोंदवलं जातं ते तिथे, वर. आपल्यापैकी निम्मी घरं उतारावर, काही अगदी पाण्याशी. एकाच गावात, एकाच वेळी, पाच-सात मैलांच्या अंतरात दहा-बारा अंश सेल्सिअसचा फरक पडतो, तोही उन्हाच्या दिवशी. इथले जुने लोक त्याला 'कूलर बाय द लेक' म्हणतात. अंदाजात हे तीन-चार शब्द शेवटी येतात आणि नवखा माणूस नेमके तेच वाचायचे सोडतो.

मीही सोडले होते. माझे वडील पहिल्यांदा इकडे आले, तेव्हा एप्रिलचा दुसरा आठवडा होता. नाना कराडचे, उन्हातान्हात वाढलेला माणूस. महिनाभर घरात कोंडून बसलेले. त्या दिवशी लख्ख ऊन, वर टेकडीवर सतरा अंश. मी त्यांना पार्क पॉइंटवर, सरोवराकाठच्या वाळूच्या पट्टीवर, घेऊन गेले. अंगात सुती सदरा, वर पातळ स्वेटर. वाळूत बसून आम्ही डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. नाना म्हणाले, "अगं, हे तर आपल्या कृष्णाकाठासारखं आहे." तेवढ्यात वारा पडला. अगदी थांबलाच. मग पाण्यावर, लांब, एक पांढरी रेघ दिसली. मला वाटलं बर्फ असेल. ती रेघ जवळ येत होती. पाच-सात मिनिटांत धुकं अंगावर आलं, वारा समोरून सुटला आणि डब्याचं झाकण लावता लावता नानांची बोटं वळेनाशी झाली. ते काही बोलले नाहीत, पण ओठ निळे पडले होते. गाडीत बसवलं, हीटर लावला. गाडीतला काटा चार अंश दाखवत होता. मेसाबा ॲव्हेन्यूचा चढ चढलो तसा तो वाढत गेला, आणि माथ्यावर पुन्हा ऊन, पुन्हा पंधरा. पंधरा मिनिटांच्या रस्त्यात दोन ऋतू. घरी आल्यावर अंदाज पुन्हा वाचला. त्यात वारा फिरणार हे स्पष्ट लिहिलं होतं. मी फक्त आकडा वाचला होता.

आता हे पाणी इतकं थंड का राहतं? आकाराचा भाग आहेच. ८२ हजार चौरस किलोमीटर पसरलेलं, सरासरी १४७ मीटर खोल, सर्वात खोल जागी ४०६ मीटर. पण खरी गंमत पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी सर्वात जड असतं ते चार अंशांना. हिवाळा संपताना वरचं पाणी शून्य-एक अंशावर असतं. ऊन त्याला तापवतं, ते दोन अंशांचं, तीन अंशांचं होतं आणि तापल्यामुळेच जड होऊन खाली बुडतं. त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. म्हणजे मार्च-एप्रिलचं ऊन वरचा थर तापवण्यात खर्ची पडतच नाही, ते सगळ्या खोलीला वाटलं जातं. अख्खा रांजण चार अंशांवर आला की मगच वरचं पाणी ऊब धरून ठेवायला लागतं. किनाऱ्याजवळ, उथळ जागी हे लवकर होतं. मध्यभागी, खोल पाण्यात, त्यासाठी जून संपावा लागतो, कधी जुलैही उजाडतो. जमिनीवर लायलॅक फुलतो तेव्हाही सरोवराच्या मध्यावर हिवाळाच असतो.

आता शाळेतला भूगोल आठवा. खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि पाण्यावरची गार हवा तिची जागा घ्यायला येते. कोकणात दुपारी समुद्रावरून येणारा वारा तो हाच. इथे मीठ नाही, एवढाच फरक. आणि कोकणात तो वारा सुखाचा, कारण समुद्र सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचा. इथलं पाणी दोन अंशांचं. जमीन जितकी जास्त तापेल तितकी ही गार हवा जोरात आत शिरण्याची शक्यता जास्त. म्हणून वसंतातला सर्वात छान वाटणारा दिवस किनाऱ्यावर सर्वात फसवा असतो. नैऋत्येचा वारा जोरकस असेल तर तो या हवेला पाण्यावरच थोपवून धरतो. वारा मंद असेल तर दुपारी एक-दोनच्या सुमाराला ती येणारच. कधी ती टेकडीच्या निम्म्यावर येऊन थांबते. खालच्या रस्त्यावर धुकं आणि वरच्या गल्लीत मुलं हाफ पँटीत खेळताहेत, हे तुम्ही या महिन्याभरात स्वतः पाहाल.

हे सगळं ठाऊक असलेल्या अंदाजकर्त्यांना तरी ते सोपं जातं का? नाही, आणि त्याचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. सरोवरात हवामानाची नोंद घेणारे तरंगते बॉय असतात. वारा, लाटा, पाण्याचं तापमान, सगळं तेच सांगतात. पण बर्फात ते चिरडू नयेत म्हणून हिवाळ्याआधी ते बाहेर काढतात आणि वसंत चांगला उजाडल्यावर परत पाण्यात सोडतात. म्हणजे ज्या आठवड्यांत पाण्यावर काय चाललंय हे कळायची सर्वात जास्त गरज, त्याच आठवड्यांत सरोवराच्या मध्यावर डोळे नसतात. मग उपग्रहाची छायाचित्रं, बेटांवरची आणि किनाऱ्यावरची केंद्रं, बर्फाचे नकाशे यांवर भागवावं लागतं. त्यातून बर्फ हलता असतो. काल जिथे पांढरं होतं तिथे आज उघडं पाणी. हे अंदाजकर्ते रात्रपाळीतही बसून दिवसातून किमान दोनदा आपला विचार गद्यात लिहून काढतात, कशाची खात्री आहे आणि कशाची नाही तेही सांगतात. ते टिपण सर्वांना वाचायला खुलं असतं. आकड्यांच्या चित्रापेक्षा ते वाचा. मला त्या लिखाणाबद्दल मनापासून आदर आहे.

खरं तर या देशात सरकारी हवामान अंदाज सुरू झाला तोच या सरोवरांमुळे. मिलवॉकीच्या इन्क्रीझ लॅपहॅम यांनी १८६८ आणि १८६९ या वर्षांत वादळांनी बुडालेल्या जहाजांची आणि माणसांची यादी पुढे ठेवली आणि सरकारकडे सूचना देणारी व्यवस्था मागितली. ९ फेब्रुवारी १८७० रोजी अध्यक्ष ग्रँट यांनी त्यासाठीच्या काँग्रेसच्या ठरावावर सही केली, आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पहिला वादळाचा इशारा निघाला, तो याच पंचमहासरोवरांसाठी, लॅपहॅम यांच्याच हातून. पाचच वर्षांनी, १८७५ साली, भारताचं हवामान खातं उभं राहिलं. त्यामागेही चक्रीवादळ आणि दुष्काळात गेलेले जीव होते. ते खातं १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरची ती इमारत अजून 'सिमला ऑफिस'. इथे बसलेल्या पुणेकरांनी तिथला सिग्नल शेकडो वेळा ओलांडला असेल.

बर्फाबद्दल थोडं. एप्रिल आला म्हणून फावडी माळ्यावर टाकू नका. २०१३ च्या एप्रिल महिन्यात डुलूथला ५०.८ इंच, म्हणजे सव्वाचार फूट, बर्फ पडला. इथल्या नोंदींत तोवर कुठल्याच महिन्यात एवढा पडला नव्हता, जानेवारीतही नाही. आणि यातही तोच पूर्वेचा वारा असतो. पाण्यावरची ओल घेऊन तो टेकडीला भिडतो, अडीचशे मीटर वर ढकलला जातो, गार होतो. खाली कॅनल पार्कला पाऊस, वर विमानतळावर ओला, जड, पाठ मोडणारा बर्फ. हृदयविकार असलेल्या काका-मामांनी तो फावड्याने उचलू नये, ही माझी कळकळीची विनंती.

दुसरी विनंती आणखी कळकळीची. गोठलेल्या पाण्यावर चालू नका. नव्या, स्वच्छ, काचेसारख्या बर्फाला चार इंचांचा नियम आहे, म्हणजे निदान तेवढी जाडी असेल तरच त्यावर पायी जायचं. वसंतातल्या बर्फाला तो लागू नाही. तो फूटभर जाड दिसतो, पण आतून उभ्या कांड्यांमध्ये सुटा झालेला असतो, मेणबत्त्या शेजारी शेजारी उभ्या कराव्यात तसा. आणि पश्चिमेचा वारा सुटला की मोठ्या सरोवरावरचा अख्खा पत्रा किनाऱ्यापासून तुटून माणसांसकट आत वाहत जातो.

सगळंच भीतीचं नाही. दिवसा बर्फ वितळतो, रात्री गोठतो, या ओढाताणीतच मेपलचा रस झाडातून वाहतो. इथल्या मूळ ओजिब्वे लोकांच्या भाषेत एप्रिलचं नावच साखर आटवण्याचा चांद्रमास असं आहे, आणि मार्चचं, बर्फावर धरणाऱ्या कडक पापुद्र्याचा. हवामानाचा अंदाज महिन्याच्या नावातच सांगून ठेवलेला. चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक. मी नानांना अशा एका भट्टीवर नेलं, तेव्हा वाफेत तोंड घालून ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "काकवी." बाकी काही नाही. ऊस सोडून आणखी कशाचं गुऱ्हाळ असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

२५ मार्चला सरोवराच्या दुसऱ्या टोकाला, सू सेंट मरी इथले 'लॉक', म्हणजे जहाजांना वरखाली उतरवणारे जलपाश, उघडतात, ते १५ जानेवारीपासून बंद असतात. मग आपल्या बंदराच्या तोंडावरच्या लिफ्ट ब्रिजखालून जहाजांचे भोंगे पुन्हा रोज ऐकू येतील. मुलांना तिथे जरूर न्या, टोप्या घालून.

आणि उद्याचं सांगते, कारण आज सकाळीच मी वाचून आले आहे. उद्या सकाळी वारा पूर्वेचा आहे. पूर्वेचा वारा तुटलेला बर्फ आपल्या काठाला लोटतो. ब्रायटन बीचच्या खडकांवर काचेच्या पाट्यांसारखे तुकडे एकावर एक चढतात, आणि प्रत्येक लाटेबरोबर काकणं किणकिणावीत तसा आवाज येतो. ऐकायचा असेल तर नवाच्या आत या. दुपारी वारा पश्चिमेला फिरणार आहे, मग तो बर्फ परत आत निघून जाईल.