कालनिर्णय घेऊन डॉक्टरांकडे जा

जमलेल्या सगळ्या बायांनो, आणि मागे दाराशी उभे राहिलेल्या पुरुषांनो, तुम्ही आधी पुढे येऊन बसा. आजचं बोलणं स्तनाच्या कॅन्सरबद्दल आहे आणि ते तुमच्यासाठीही आहे.

बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट घरात आला की आपल्याकडे पहिला फोन मुंबईला लागतो. दीर, भाऊ, मुलगा, कोणी ना कोणी लालबागला, डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला असतोच. तो चार जणांना विचारतो, तारीख घेतो, तिकीट काढतो. दोन दिवसांत सगळं ठरतं. जिच्या छातीत गाठ आहे ती तोवर चुलीपुढे असते. तिला नंतर सांगतात, "सगळं ठरलंय, तू काळजी करू नको." यामागे माया असते, हे मला पुरतं ठाऊक आहे. माझ्या आजारपणात माझ्या घरच्यांनीही तसंच केलं. पण त्यानंतर मी देवगड, मालवण, कणकवलीकडच्या बायकांसोबत दवाखान्यात जाऊन बसत आले, आणि माझं एक मत पक्कं झालं. उपचार कोणते घ्यायचे आणि घर कसं चालवायचं, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, आणि घर कशावर चालतं ते तिच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. म्हणून डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तिने बसायचं. बाकीच्यांनी बाजूला बसून लिहून घ्यायचं.

आधी घाईबद्दल. रिपोर्ट वाईट आला की वाटतं, आजच्या आज ऑपरेशन झालं नाही तर संपलं. सगळ्या तपासण्या आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत यात दोन-तीन आठवडे गेले तर सहसा काही बिघडत नाही. महिने गेले तर मात्र बिघडतं. आपल्याकडे महिने कशात जातात? "सुरी लागली की ता पसारता" या एका वाक्यात. सुईने तुकडा काढला, हवा लागली, म्हणून कॅन्सर पसरला, असं होत नाही. तुकडा तपासल्याशिवाय तो कोणत्या जातीचा आहे हेच कळत नाही, मग औषध कशावर द्यायचं? आणि देवाला कौल लावू नका असं मी सांगणार नाही, मीही ग्रामदेवतेसमोर उभी राहिलेली बाई आहे. फक्त गाऱ्हाणं घालताना ऑपरेशन टळू दे म्हणू नका, ऑपरेशन नीट पार पडू दे म्हणा.

आता जिथे सगळ्यात जास्त अडतं तिथे येते. स्तन काढायचा की नुसती गाठ काढायची?

१८९० च्या दशकात अमेरिकेत हॅल्स्टेड नावाच्या सर्जनने स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढण्याची पद्धत रूढ केली. तीच पुढे कित्येक दशकं चालली. मग इटलीत मिलानला आणि अमेरिकेत मोठे अभ्यास झाले. बायकांची २० वर्षं नोंद ठेवली आणि २००२ साली निकाल छापले. रोग लवकरच्या टप्प्यात असताना नुसती गाठ काढून वर रेडिएशन, म्हणजे मशीनने किरणांचा उपचार, दिलं, तरी त्या बायका पूर्ण स्तन काढलेल्या बायकांइतक्याच जगल्या. म्हणजे ज्यांना हा पर्याय चालतो त्यांच्यासाठी आयुष्याचा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

पण त्यात "वर रेडिएशन" हे शब्द आहेत ना, तिथे आपलं कोकण आडवं येतं. रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, रोज घ्यावं लागतं. मशीन परळला, खारघरला, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला. देवगडच्या वाडीतली बाई रोज कशी जाणार? एका बाईने माझ्यासमोर डॉक्टरांना सांगितलं, "काढूनच टाका. माझ्या म्हशींकडे कोण बघणार?" मी तिला म्हटलं, आधी विचार तर, किती आठवडे? पूर्वी पाच-सहा आठवडे लागायचे. आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत होतं, निवडक रुग्णांना एका आठवड्यातही देतात. तिला तीन आठवडे सांगितले. तिने तिथेच जावेला फोन लावला. जाऊ म्हणाली, "तीन आठवडे काय, म्हशी माझ्या गोठ्यात आणून बांधते." गाठ तेवढी काढली, स्तन राहिला.

उलटही पाहिलंय. एकीने सगळं समजून घेतलं आणि म्हणाली, मला रोज त्या मशीनखाली झोपायचं नाही, काढा. तेही बरोबर, कारण ते तिने ठरवलं. मात्र एक प्रश्न तिने आधी विचारला होता आणि तो तुम्हीही विचारा: स्तन काढला तरी मला रेडिएशन लागेल का? गाठ मोठी असेल, काखेतल्या लसिका गाठींत (त्या सगळ्यांनाच असतात) रोग गेला असेल, तर पुष्कळदा लागतं. प्रवास वाचेल म्हणून स्तन काढायचा आणि नंतर तोच प्रवास करायचा, अशी वेळ कोणावर येऊ नये. गाठ मोठी असेल तर आधी केमो, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं, देऊन ती लहान करता येते आणि मग स्तन वाचू शकतो, हेही विचारून घ्या.

राहण्याचं म्हणाल तर दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाचे रुग्ण नातेवाइकांसह राहतात. उपचाराला जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं रुग्णाला पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत असते. फॉर्मवर रुग्णालयाची सही लागते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं पहिल्या फेरीलाच न्या, रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत. चिपळूणकडच्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ आहे, तिथेही कॅन्सरचे उपचार होतात.

रिपोर्टवर ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावं असतात. पहिली दोन सांगतात की गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढते का, तिसरं सांगतं की तिच्या पेशींवर वाढ करणारं एक प्रथिन जास्त आहे का. त्यांच्यावरून पुढचं ठरतं. पहिल्या दोहोंपैकी एक जरी पॉझिटिव्ह असलं तर हार्मोन रोखणारी गोळी पाच वर्षं, कधी दहा. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर वेगळं इंजेक्शन, साधारण वर्षभर. ऑपरेशन झालं की सुटलो, असं धरून घरची आखणी केली तर ती कोसळते. म्हणून मी बायकांना सांगते, भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि डॉक्टरांसमोर उघडून ठेवा. लावणी कधी, मुलीची बारावी कधी, गणपती कधी. केमो पुष्कळदा तीन आठवड्यांच्या फेऱ्यांत देतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात कमी होतात. तो आठवडा गणपतीत आला तर मुंबईहून आलेली पंचवीस माणसं, त्यांची सर्दी, एकच न्हाणीघर. डॉक्टरांना आधी सांगितलंत तर कधी दोन-तीन दिवस इकडेतिकडे करता येतात. आपल्या मनाने फेरी चुकवायची मात्र नाही. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर विसर्जन चालू असो की पालखी दारात असो, त्याच घटकेला दवाखाना.

गौरीच्या ओवशाला डोक्यावर केस नाहीत म्हणून एक सून माडीवर बसून राहिली होती. सासू वर गेली, स्वतःचा नवा स्कार्फ तिच्या डोक्याला बांधला आणि सूप तिच्या हातात देऊन तिला खाली घेऊन आली. कोणी काही बोललं नाही. अशा सासवा आपल्याकडे आहेत, त्यांनी पुढे यावं.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात जपायचा. त्यात जखम चिघळली तर हात सुजतो आणि ती सूज चिवट असते. दवाखान्यात हे सांगतात, पण आपली कामं त्यांना कुठे माहीत? कालवं फोडताना कवच लागतं. काजूच्या बिया फोडताना चीक उडतो, कातडी भाजते. आडाळ्यावर मासे कापताना काटा रुततो. लावणीच्या चिखलात बोटं कुजतात. ही कामं काही काळ दुसऱ्याने करावीत, पुढे हातमोजे घालून करावीत. हात लाल झाला, गरम लागला, तर त्याच दिवशी दाखवायचं. पण हात बांधून ठेवायचा नाही. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज करायचे.

मुलांना खरं सांगा. आईला कॅन्सर आहे, तो शिवल्याने होत नाही, तुझ्यामुळे झालेला नाही, उपचार चालू आहेत. एवढं पुरतं. आपण कुजबुजत राहिलो की ती शाळेत भलतंसलतं ऐकून येतात. अजून मूल हवं असेल त्या मुलींनी केमो सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं, नंतर उशीर होतो. आणि नवऱ्यांनो, ऑपरेशननंतर तिच्याकडे बघायचं टाळू नका. ड्रेसिंग करायला शिका. ती मागणार नाही, तुम्हीच पुढे व्हा.

आता प्रश्न विचारा. चारचौघांत नको वाटत असेल तर आतल्या खोलीत आपल्या उपकेंद्राच्या सिस्टर बसल्या आहेत. गाठ लागतेय, बोंड आत ओढलं गेलंय, बोंडातून रक्त येतंय, असं काही असेल तर दाखवून जा. शेवटची एसटी सुटेपर्यंत मीही इथेच आहे.