गुलाबी तेल आणि तीन खटके

पडद्यावर जो गुलाबी, दुधाळ द्रव दिसतो आहे त्याला अमेरिकेतले मेकॅनिक ‘स्ट्रॉबेरी मिल्कशेक’ म्हणतात, पण ते नुकतेच एका सात आसनी एसयूव्हीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून काढलेले तेल आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन येथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची ही गाडी आहे. चांगले ट्रान्समिशन ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सचे तेल, लाल आणि नितळ असते. हे मात्र दुधाळ झाले आहे, कारण त्यात रेडिएटरमधले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, मिसळले आहे.

गिअरबॉक्सचे तेल थंड ठेवण्यासाठी दोन नळ्यांवाटे रेडिएटरमध्ये खेळवले जाते आणि तिथे एका लहानशा कूलरच्या आत तेल व बाहेर कूलंट असे दोन द्रव एका पातळ भिंतीआड वाहतात. त्या कूलरचा जोड सुटला, की दोन्ही एकमेकांत मिसळतात. गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट्सना कागदासारखे अस्तर चिकटवलेले असते, आणि कूलंटमधले पाणी व ग्लायकॉल नेमका तो चिकटवाच सोडवतात. अस्तर निघू लागते, प्लेट्स घसरतात, इंजिनाचा आवाज चढत जातो पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. म्हणजे बिघाड दिसला गिअरबॉक्समध्ये, तरी त्याचे मूळ रेडिएटरमध्ये होते. म्हणून या घरात सर्वांत आधी नवा रेडिएटर आला आणि त्यानंतरच भंगारयार्डातून त्याच वर्षीच्या, त्याच मॉडेलच्या गाडीचा गिअरबॉक्स आणला गेला.

गॅरेजने सांगितलेला खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळ जात असल्यामुळे हे काम घरीच करायचे ठरले. घरातले गृहस्थ संगणक अभियंते आहेत. त्यांच्या मदतीला सहा महिन्यांसाठी सांगलीहून लेकीकडे आलेले त्यांचे सासरे आहेत, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात आणि ज्यांची सारी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत झाली. अमेरिकेत पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांपासून कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागले. नानांच्या हाताखालून मात्र आयुष्यभर क्लचचे पेडल असलेलेच गिअरबॉक्स गेले.

गाडी काँक्रीटच्या सपाट जागेवर चार स्टँडवर उभी आहे, आणि तीही पुरेशी उंच, कारण जॅकवर ठेवलेला गिअरबॉक्स शेवटी गाडीखालून बाहेर सरकला पाहिजे. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधीच काढलेली आहे. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे चाकांकडे फिरती गती नेणारा दांडा, सोडण्यापूर्वी त्याच्या जोडावर पांढऱ्या रंगाची खूण केली आहे, म्हणजे तो परत जसाच्या तसा बसेल. पुढच्या-मागच्या चाकांना गती वाटून देणारा चारचाकी ड्राइव्हचा ट्रान्सफर केस वेगळा उतरवला आहे. इंजिनाची गती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट खालच्या झरोक्यातून एकेक दिसतात. एक सोडवला, की इंजिन पुढच्या पुलीवरून पान्याने थोडे फिरवायचे आणि पुढचा बोल्ट झरोक्यासमोर आणायचा. बेलहाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या तोंडाच्या, वरच्या दोन बोल्टांपर्यंत हात पोहोचतच नाही. त्यासाठी गिअरबॉक्सची शेपटी थोडी खाली सोडून, एकापुढे एक जोडलेल्या मीटरभर लांब एक्स्टेंशनने ते मागून काढावे लागतात. या दोन बोल्टांनी शनिवारची अख्खी दुपार खाल्ली.

जुना गिअरबॉक्स रात्री उतरला. पट्ट्याने जॅकला जखडलेला तो अवजड ऐवज गाडीखालून बाहेर ओढताना जी भीती वाटते, ती खरी असली तरी या कामात गिअरबॉक्स वाया जातो तो बहुधा वजनामुळे नाही. तो वाया जातो काही मिलिमीटरच्या चुकीमुळे, आणि ती जागा आता समोर आहे.

टॉर्क कन्व्हर्टर हे डोनटच्या आकाराचे जड भांडे गिअरबॉक्सच्या तोंडावर बसते. आत त्याला तीन ठिकाणी बसायचे असते: गिअरबॉक्समध्ये गती आणणाऱ्या इनपुट शाफ्टच्या दात्यांवर, स्टेटर या स्थिर भागाच्या आधाराच्या दात्यांवर आणि शेवटी तेलाच्या पंपाच्या खाचांत. त्यात थोडे तेल ओतून तो आत ढकलत हलकेच फिरवला, की एकेक टप्प्याला तो खटकन आत उतरतो. पहिले दोन खटके लगेच मिळाले. तिसरा मिळेना. कन्व्हर्टर पुरता बसल्यासारखा दिसत होता, फिरतही होता, आणि अशा वेळी बोल्ट आवळण्याचा मोह होतो. तसे केले, तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या कचाट्यात सापडून पंपच फुटतो.

“जावईबापू, जोर लावू नका, नुसते फिरवत राहा,” असे म्हणत नानांनी आपला तळवा कन्व्हर्टरवर ठेवला. त्यांनी हे यंत्र पूर्वी उघडून पाहिलेले नव्हते, पण दाते एकमेकांत बसताना हाताला काय जाणवते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. काही मिनिटांनी आवाज आला आणि कन्व्हर्टर आणखी बोटाच्या पेराएवढा आत गेला. जावयांनी बेलहाउसिंगच्या कडेवर पट्टी आडवी धरून खोली मोजली. रविवारी गिअरबॉक्स इंजिनाला टेकला तेव्हाही कन्व्हर्टर मोकळा फिरत होता आणि इंजिनाच्या बाजूच्या प्लेटपासून त्याचे तीन-चार मिलिमीटर अंतर उरले होते, म्हणून बोल्ट आवळायला हरकत नव्हती.

बाकीची जोडणी उलट क्रमाने झाली, तिचे वर्णन करत बसण्याची गरज नाही. या गाडीच्या गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर आतच, तेलात बुडालेला असतो, त्यामुळे त्याचा प्रोग्राम गाडीशी जुळवण्यासाठी लॅपटॉप घेऊन एक तंत्रज्ञ घरी बोलावावा लागला. तेलाची पातळीही थंड इंजिनावर न पाहता इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावर आणि प्रत्येक गिअर एकदा टाकून झाल्यावर पाहिली गेली.

आठवडाभर गाडी चालल्यानंतर नानांनी तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला, बोटावर चोळला आणि वास घेतला. तेल लाल होते. जुने गुलाबी तेल मात्र अजून घरच्या गॅरेजच्या कोपऱ्यात एका डब्यात पडून आहे, कारण कूलंट मिसळलेले तेल साध्या तेलासोबत घेतले जात नाही, आणि कौंटीचा (इथल्या जिल्ह्याचा) घातक कचरा गोळा करण्याचा दिवस पुढच्या महिन्यात आहे.