पानाचा ठसा आणि सगळ्यांचं ब्लँकेट

(पुण्यात प्रिंटमेकिंगवर झालेल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन, थोडंसं नीटनेटकं करून)

मागे आवाज येतोय का? बरं. तर आजचा विषय असा दिलाय की झाडाच्या पानाचा ठसा घेणं आणि पानावरून प्रिंट करणं यात फरक काय. ठसा आपण सगळ्यांनीच शाळेत घेतलाय, पिंपळाच्या पानाला रंग फासून वहीत दाबायचं. त्या फरकाकडे मी येणारच आहे, पण आधी ब्लँकेटबद्दल बोलते, कारण आमच्या स्टुडिओतली निम्मी मंडळी आज समोर बसलीयत आणि उठून जाता येत नाहीये त्यांना. (हशा)

ज्यांनी एचिंग प्रेस बघितली नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर अॅसिडने चरी काढून, त्यात शाई भरून छापणं. सरकणारा लोखंडी बेड, त्यावर प्लेट, प्लेटवर ओलसर कागद, कागदावर लोकरीची जाड ब्लँकेट्स, आणि हे सगळं रोलरखालून जातं. फेल्ट म्हणायचं खरं तर, आमच्याकडे कुणीच म्हणत नाही. खरं काम हे ब्लँकेटच करतं, ओल्या कागदाला प्लेटच्या बारीकातल्या बारीक चरीत ढकलतं. ते कडक झालं, त्यावर डाग पडला, की पुढच्या माणसाचं काम गेलं. आणि स्वस्त नसतं हो ते.

तर मागच्या पावसाळ्यात कुणीतरी, नाव घेत नाही, ए तिकडे हसू नका, गावाहून सागाची कोवळी पानं घेऊन आलं. आता कोवळा साग चुरगाळला की हात लालभडक होतात हे गावाकडच्या कुठल्याही पोराला माहितीय, आम्ही मेंदी लावल्यासारखे हात रंगवून मिरवायचो. आणि या सद्गृहस्थांनी, गृहस्थ का गृहिणी तेही सांगत नाही, ती पानं तशीच ताजी, देठासकट, जाड शिरेसकट बेडवर मांडली, वर साधा न्यूजप्रिंटचा कागदसुद्धा नाही, प्रेशर आदल्या माणसाने तांब्याच्या प्लेटसाठी लावलेलं तेच, आणि फिरवलं चाक. पान फुटलं, रस सगळा ब्लँकेटमध्ये. बरं, झालं ते झालं, सांगावं ना! तर नाही, घडी घालून परत जागेवर ठेवलं, लाल बाजू आत. दुसऱ्या दिवशी एकीची अॅक्वाटिंट, म्हणजे अॅसिडने दाणेदार छटा काढलेलं एचिंग, महिनाभर खपून केलेली प्लेट, तिच्या ओल्या कागदाला मागून मस्तपैकी लाल ढग. मग ते ब्लँकेट धुवा, लोकर असल्यामुळे कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, आणि जुलैमध्ये पुण्यात वाळणार कधी? प्रेस बंद, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रत्येकाचा एकच मेसेज, मी त्या दिवशी आलोच नव्हतो. भिंतीवर शेवटी कागद लावला की ओला पाला थेट प्रेसमध्ये घालू नये, तर त्याखाली कुणीतरी लिहिलं, अळूवडी चालेल का. (हशा) हे अक्षर मला माहितीय बरं का कुणाचं आहे.

पण याच भांडणातून एक गोष्ट झाली. आमच्यातले एक काका, आयुष्यभर लिथोवर, म्हणजे दगडावरून होणाऱ्या छपाईवर, काम केलेले, त्यांनी सगळ्यांना बसवून दाखवलं की पान रात्रभर रद्दीत दाबून ठेवायचं, मधली शीर मागून ब्लेडने तासायची, शाई पानाच्या मागच्या बाजूला लावायची कारण शिरा तिकडे उठून असतात, प्रेशर सैल करायचं, वरखाली न्यूजप्रिंट. घरी एकटी करत बसले असते तर मला हे कोण सांगणार होतं? माझं म्हणणं एवढंच आहे, आणि हे मी गेली कित्येक वर्षं जो भेटेल त्याला ऐकवतेय, की प्रिंटमधली अक्कल ही एका प्रेसभोवती जमलेल्या माणसांची असते.

पॅरिसचंच घ्या. हेटर नावाच्या इंग्रज प्रिंटमेकरने 1927 मध्ये तिथे स्टुडिओ काढला, पुढे त्याचं नाव पडलं आतेलिए 17. पन्नासच्या दशकात तिथे आंध्रातून गेलेले कृष्णा रेड्डी होते, आपल्या मुंबईचे, जेजे आर्ट स्कूलमध्ये शिकलेले कायको मोती होते, आणि एकाच प्लेटवरून एकाच वेळी अनेक रंग काढायची व्हिस्कॉसिटीची, म्हणजे शाईच्या पातळ-घट्टपणावर चालणारी, पद्धत या घोळक्यात घडली. एकाने एकट्याने बसून शोधलेली नाही ती. प्लेट वेगवेगळ्या खोलीला कोरायची, कडक रोलरने वरच्या भागावर तेल जास्त घातलेली पातळ शाई, मग मऊ रोलरने खोलात घट्ट शाई, आणि जिथे पातळ आधीच बसलीय तिथे घट्ट चिकटतच नाही. किती दहा मिनिटं? पाच? अहो, संयोजक दोन दाखवतायत.

बरं मग पळवते. पानाचा ठसा ही पानाची सही आहे. फ्रँकलिनने 1730 च्या दशकात अमेरिकेतल्या वसाहतींच्या नोटांवर पानांचे ठसे छापले ते याच कारणाने, शिरांचं जाळं खोटं करणं नकली नोटवाल्याला जमेना. म्हणजे ठसा खरेपणाचा पुरावा झाला. पण पुरावा म्हणजे चित्र का? रेड्डींनी पाणी, लाटा, मासे केले तेव्हा मासा आणून प्लेटवर दाबला नाही, पाणी जसं दगड खातं तसं अॅसिडने आणि हाताने धातू खाऊन काढला, एका थरावर दुसरा थर. निसर्गाचा आकार घेणं एक आणि त्याची काम करायची रीत घेणं दुसरं, मला दुसरं जास्त पटतं. ठसा कमी आहे असं म्हणत नाहीये हां, लगेच रागावू नका, पण ठसा घेतला की काम संपलं असं समजणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

आणि एडिशनचं, म्हणजे एकाच प्रिंटच्या नंबर घातलेल्या कॉप्यांचं, राहिलंच. लायनोवरून, म्हणजे कोरलेल्या लिनोलियमवरून, पन्नास कॉप्या सारख्या निघतात, पान मात्र दरवेळी थोडं दबतं, थोडं फाटतं, मग खाली एक बटा दहा, दोन बटा दहा लिहायचं कशाच्या जोरावर? काका म्हणतात लिहू नये, मी म्हणते मोनोप्रिंट, म्हणजे एकुलती एक प्रत, म्हणा आणि किंमत वाढवा. काका इथेच आहेत, चहाला त्यांना गाठा.