ऐकून घेतलं जाण्याचा हक्क : न्या. यशवंत चंद्रचूड

मित्रहो, पुण्यात न्यायाधीशांचा विषय निघाला की आपण रामशास्त्री प्रभुण्यांपासून सुरुवात करतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा माणूस या गावात होऊन गेला, त्यामुळे ‘रामशास्त्री बाणा’ ही आपली मोजपट्टी झाली. आज ज्यांच्याबद्दल बोलायला उभा आहे, ते पुण्याचेच. पण त्या मोजपट्टीत ते सरळ बसत नाहीत. मला ते अभ्यासावेसे वाटतात ते त्यामुळेच.

यशवंत विष्णु चंद्रचूड यांचा जन्म १२ जुलै १९२० चा, पुण्यातला. शाळा नूतन मराठी विद्यालय, कायद्याचं शिक्षण आपल्या आयएलएस लॉ कॉलेजात. पुढे मुंबईत वकिली, सरकारी वकिली; गाजलेल्या नानावटी खटल्यात हायकोर्टात त्यांनी सरकारची बाजू मांडली. १९६१ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती, १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात, आणि २२ फेब्रुवारी १९७८ ते ११ जुलै १९८५ भारताचे सरन्यायाधीश. त्या खुर्चीवर इतका काळ दुसरं कोणीही बसलेलं नाही. एवढं आपल्याकडे पुष्कळांना पाठ असतं. त्यांची निकालपत्रं मात्र फार थोडे लोक उघडतात.

त्यातलं एक उघडायला जड जातं. २८ एप्रिल १९७६, जबलपूर खटला. आणीबाणीत ‘मिसा’खाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवण्याच्या कायद्याखाली, हजारो माणसं आत होती, आपलं येरवडाही भरलेलं होतं. प्रश्न साधा होता : माझी अटक बेकायदा आहे, एवढं म्हणायला तरी कैद्याला कोर्टात येता येईल का? नऊ हायकोर्टांनी ‘येईल’ म्हटलं होतं. सुप्रीम कोर्टात पाचपैकी चार न्यायमूर्ती ‘नाही’ म्हणाले, आणि त्या चौघांत चंद्रचूड होते. सरकार कैद्यांना उपाशी ठेवील, मारील, गोळ्याही घालील, अशी भीती वकिलांनी बोलून दाखवली होती. असं कधीच घडणार नाही, अशी हिऱ्यासारखी तेजस्वी आणि हिऱ्यासारखी कठीण आशा आपल्याला आहे, असं चंद्रचूडांनी लिहिलं. ते शब्द उमटले तेव्हा केरळात राजन नावाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचलून नेऊन जवळजवळ दोन महिने झाले होते. त्याचा कोठडीतच मृत्यू झाला. त्याच्या वडिलांना हायकोर्टाचं दार वाजवता आलं ते आणीबाणी उठल्यावर, १९७७ मध्ये. एकटे हंसराज खन्ना वेगळा निकाल देऊन उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सरन्यायाधीशपद गमावलं.

हा निकाल चुकला, आणि त्याची किंमत बंदिवानांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मोजली. यावर पांघरूण घालण्याचं कारण नाही. १९७८ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी चंद्रचूडांचं नाव पुढे आलं तेव्हा मुंबईतल्या नामवंत वकिलांनी जाहीर विरोध केला, तोही यासाठीच. अखेर २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल रद्द ठरवला. त्या पीठावर त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते, आणि चारही न्यायमूर्तींची मतं गंभीरपणे सदोष होती, हे वाक्य त्यांनीच लिहिलं.

पण गोष्ट १९७६ ला संपवली तर आपण पुढची नऊ वर्षं वाचलीच नाहीत असं होईल. १९७३ च्या केशवानंद खटल्यात चंद्रचूड अल्पमतात होते. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालायला ते तयार नव्हते. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात तेच सरन्यायाधीश म्हणून बहुमताचा निकाल लिहितात : ज्याला मर्यादित अधिकार मिळाला आहे, त्याला तोच अधिकार वापरून तो अमर्याद करून घेता येणार नाही. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या पोटगीबद्दलचा, शाहबानोचा एप्रिल १९८५ चा निकालही त्यांचाच. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी पुढे जातो.

मला थांबायचं आहे ते पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यापाशी. जुलै १९८१, ऐन पावसाळा. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना उचलून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं, असं राज्य सरकारने जाहीर केलं. कोर्टात आलेल्यांत तामिळनाडूतल्या सेलमचा एक भूमिहीन मजूर होता. दुष्काळाने काम गेलं म्हणून तो १९६१ मध्ये मुंबईत आला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत रोज तेवीस रुपये मजुरी. महामार्गाच्या कडेला प्लॅस्टिक आणि ताडपत्रीच्या आडोशासाठी एका झोपडीदादाने त्याच्याकडून अडीच हजार रुपये उकळलेले. आत बायको आणि तीन मुली; वयं सोळा, तेरा आणि पाच. हे सगळं निकालपत्रात आहे, मुलींच्या वयांसकट. सरन्यायाधीशाने ते बारकाईने लिहून ठेवलं, याला माझ्या लेखी फार मोल आहे.

मग तत्त्व येतं : माणसाचं पोटापाण्याचं साधन काढून घेतलंत, तर त्याचं जगणंच काढून घेतलंत. घटनेच्या कलम २१ मधल्या जीविताच्या हक्कात उपजीविका आली ती अशी. याचिकाकर्ते मात्र पूर्ण जिंकले नाहीत. फुटपाथवर कायमचं राहण्याचा हक्क कोर्टाने दिला नाही. महापालिकेचा अधिकार वैध ठरला. झोपड्यांना हात लावायचा तो पावसाळा उलटल्यावर, ३१ ऑक्टोबर १९८५ नंतर. आणि १९७६ च्या गणनेत ओळखपत्रं मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यायची, असं ठरलं. पुष्कळांना हे अपुरं वाटलं, मलाही वाटतं.

पण त्याच निकालात सुनावणीबद्दलचा भाग आहे. नोटीस न देता अतिक्रमण काढण्याची मुभा मुंबई महापालिकेच्या कायद्यात होती. चंद्रचूड म्हणतात, मुभा आहे म्हणजे नोटीस द्यायचीच नाही असा हुकूम नाही. एरवी आधी ऐकूनच घ्यायला हवं. निकाल बदलो वा न बदलो, ज्याच्यावर घाव पडणार त्याला बोलू देण्याला स्वतःचं मोल आहे. माणूस म्हणून त्याची दखल घेतली जाते ती तिथेच. १९७६ मध्ये ज्या हाताने बंदिवानाला ‘तुला येता येणार नाही’ लिहिलं, त्याच हाताने नऊ वर्षांनी बेकायदा झोपडीतल्या माणसाला ‘आधी तुझं ऐकलं पाहिजे’ लिहिलं. या वाक्याने जबलपूरची भरपाई होत नाही. तरी आज पुण्यात ओढ्याकाठच्या वस्तीवर बुलडोझर येतो आणि एखादा तरुण वकील नोटिशीची तारीख विचारत कोर्टात धावतो, तेव्हा त्याच्या हातात बहुधा हाच निकाल असतो.

निकालाची तारीख १० जुलै १९८५. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले.